आक्रमणाचे सामर्थ्य आणि प्रतिबंधकाचा अभाव

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यातील वालावल हे गाव लक्ष्मीनारायणाच्या जुन्या मंदिरासाठी, त्यालगतच्या विस्तीर्ण तलावासाठी आणि वालावलकर हे नाव लावणाऱ्या दशावतारी मंडळासाठी ओळखले जाते. दशावतार या लोकनाट्यात, नावावरून वाटते तसे, दहाही अवतार रंगमंचावर येत नाहीत. आरंभीच्या आडदशावतारात गणपती, सरस्वती, वेद पळवणारा संकासुर अशी पात्रे येऊन जातात आणि मग एखादेच पौराणिक आख्यान रात्रभर चालते. त्याला लिखित संहिता नसते, संवाद नटाने आयत्या वेळी रचायचे असतात आणि लढाई नाचून दाखवायची असते. एका रात्री एकाच अवताराचा पराक्रम दिसत असल्यामुळे दहांपैकी सर्वांत पराक्रमी कोण, हा प्रश्न या रंगभूमीने कधी सोडवला नाही. तो वैष्णव तत्त्वचिंतकांनी मात्र गांभीर्याने हाताळला आहे.

भागवताच्या पहिल्या स्कंधात इतर अवतारांना अंश किंवा कला, म्हणजे पूर्णाचे भाग, मानून कृष्ण हा स्वतःच भगवान होय असे सांगितले आहे, आणि बंगालमधल्या चैतन्य संप्रदायाने याच विधानावर आपली इमारत उभारली. याउलट मध्वाचार्यांच्या द्वैत परंपरेत, जिला गोव्यातल्या गोकर्ण पर्तगाळी मठाद्वारे कोकणातील सारस्वत समाजातही अनुयायी लाभले, अवतारांमध्ये तरतमभाव करणेच वर्ज्य मानले जाते: सामर्थ्य सर्वत्र तेच आणि तेवढेच असते, प्रसंगाने मागितले तेवढेच ते प्रकट होते, म्हणून मत्स्याला रामापेक्षा उणे म्हणणे हा पाहणाऱ्याचा दोष ठरतो. दोन अवतारांची थेट गाठ पडल्याचा प्रसिद्ध प्रसंग रामायणाच्या बालकांडात येतो. तेथे वैष्णव धनुष्य रामाच्या हाती जाते आणि परशुरामाचे तेज ओसरते. पण परशुरामाने निर्माण केली अशी श्रद्धा असलेल्या कोकणभूमीत त्यामुळे त्याचे माहात्म्य कमी झाल्याचे कोणी मानत नाही.

हाच वाद आज खेळांच्या संदर्भात अधिक हिरिरीने चालतो. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असताना खेळणारी अकरा जणांची तुकडी आणि प्रतिस्पर्ध्याला रोखणारी तुकडी या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे इतिहासातले सर्वश्रेष्ठ आक्रमण कोणत्या संघाचे, असा स्वतंत्र प्रश्न विचारता येतो. आकड्यांचा कौल 2013 सालच्या डेन्व्हर ब्राँकोज संघाला मिळतो, कारण त्याने नियमित हंगामातील 16 सामन्यांत 606 गुण केले; त्याखेरीज 2007 सालच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे 589 आणि 1998 सालच्या मिनेसोटा व्हायकिंग्जचे 556 गुण पुढे केले जातात. मात्र 1950 सालच्या लॉस एंजेलिस रॅम्स संघाने अवघ्या 12 सामन्यांत 466 गुण मिळवले होते, म्हणजे सामन्यामागे सुमारे 38.8, आणि ब्राँकोजची सरासरी सुमारे 37.9 भरते. हा आकडा ऐकताच जुन्या काळाचे कैवारी सरसावतात. परंतु त्या वर्षी दुसरी एक लीग विलीन होऊन काही संघ नव्याने दाखल झाले होते आणि रॅम्सने लागोपाठच्या दोन सामन्यांत जे 70 आणि 65 गुण लुटले, त्यांपैकी 70 बाल्टिमोरच्या अशाच एका दुबळ्या संघावर होते, हे त्यांच्या सांगण्यात बहुधा येत नाही.

महाराष्ट्रात या वादाचे स्वाभाविक क्षेत्र कबड्डी हे आहे. तिच्यातली चढाई, म्हणजे एकट्या खेळाडूने दम धरून प्रतिपक्षाच्या सात जणांत शिरणे आणि गडी बाद करून मध्यरेषेपर्यंत परतणे, हे आक्रमणाचे कदाचित सर्वांत निखळ रूप होय. प्रो कबड्डीच्या 2014 सालच्या पहिल्या हंगामात यू मुंबाच्या अनुप कुमारने 16 सामन्यांत चढाईचे 155 गुण मिळवले. 2017 सालच्या पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने 26 सामन्यांत 369 गुण मिळवले आणि एकाच चढाईत 8 गुण घेण्याचाही पराक्रम केला. सरासरी काढली तर एकाची सुमारे 9.7 आणि दुसऱ्याची 14.2 भरते, आणि येथेच निकाल लागला असे अनेकांना वाटते.

निकाल लागलेला नाही, हे समजून घेण्यासाठी भारतीय दर्शनांतला एक जुना विवाद उपयोगी पडतो. अग्नी जाळतो, परंतु एक विशिष्ट मणी जवळ ठेवला असता तो जाळत नाही, असे उदाहरण घेऊन मीमांसक म्हणतात की अग्नीमध्ये दाहक शक्ती नावाचा एक स्वतंत्र, डोळ्यांना न दिसणारा पदार्थ असतो, आणि मणी तिला नष्ट किंवा कुंठित करतो. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त मांडल्याप्रमाणे अशी वेगळी शक्ती मानण्याची गरजच नाही, मणी हा प्रतिबंधक, म्हणजे कार्याला अडवणारा, आहे आणि त्याचा अभाव हा अग्नीइतकाच दाहाच्या कारणसमूहाचा भाग आहे. अडथळा नसणे हेही एक कारण असते, हा या मताचा गाभा होय.

क्रीडाविषयक वादात उतरलेला प्रत्येक जण नकळत मीमांसकाची भूमिका घेतो. गुण हे संघात साठवलेल्या शक्तीचे मोजमाप आहे असे तो गृहीत धरतो, तर पुरावा पुष्कळदा नैयायिकाच्या बाजूने असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये 1978 साली, चेंडू झेलण्यासाठी धावणाऱ्या खेळाडूला पहिल्या पाच यार्डांपलीकडे धक्का देण्यास बंदी झाली आणि स्वतःच्या फेकपटूचे रक्षण करणाऱ्यांना हात पसरून उघड्या तळव्यांनी अडवण्याची मुभा मिळाली. त्यानंतर सहा वर्षांनी मायामी डॉल्फिन्सच्या डॅन मरिनोने एका हंगामात 5,084 यार्डांची फेक केली. तीत बाहूचे बळ किती आणि मणी दूर झाल्याचा वाटा किती, हे आकडा सांगत नाही.

कबड्डीत तर प्रतिबंधक बदलताच कार्याचा अर्थच बदलतो. महाराष्ट्रात पूर्वी हा खेळ संजीवनी, गमिनी आणि अमर अशा पद्धतींनी खेळला जाई. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी परत मैदानात येतो. गमिनीत बाद झालेला गडी सबंध बाजू बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमरमध्ये तो मैदान सोडतच नाही, केवळ गुण मोजला जातो. गमिनीतला एक स्पर्श प्रतिपक्षाला सहजी भरून न येणारी हानी करी, अमरमधला स्पर्श ही निव्वळ नोंद होती, आणि दोन्हींचे मूल्य एकच गुण लिहिले तरी ती दोन भिन्न कर्मे आहेत. आजच्या व्यावसायिक खेळात संजीवनीचे तत्त्व आहे, मातीऐवजी मॅट आहे, चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे, लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या पकडीला, जिला अव्वल पकड म्हणतात, एक गुण अधिक मिळतो. यांपैकी काही नियम चढाईला बळ देतात, काही तिला जोखमीत ढकलतात. ज्या चढाईपटूचे माप त्याच्या छातीतला दम होता आणि ज्याचे माप घड्याळ आहे, त्यांची एका ओळीत तुलना करणे म्हणजे हिरण्यकशिपूचा वर वगळून नृसिंहाची कथा सांगण्यासारखे आहे.

कारण नृसिंहाचे सगळे रूप त्या वराने घडवलेले आहे. मनुष्याकडून नाही आणि पशूकडूनही नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही, आत नाही आणि बाहेरही नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही, अशी नियमावलीच असुराने मागून घेतली होती, आणि म्हणून आक्रमण अर्ध्या सिंहाचे, संध्याकाळचे, उंबरठ्यावरचे, मांडीवरचे आणि नखांचे झाले. वर वेगळा असता तर नखे निरर्थक ठरली असती. मध्व परंपरेचे म्हणणे येथे नैयायिकाच्या अगदी जवळ येते, जरी तिला ही सोयरीक कदाचित रुचणार नाही, कारण ती शक्ती नाकारत नाही. ती एवढेच म्हणते की दिसते ते प्रकटीकरण प्रसंगाच्या मापाचे असते.

यावरून सर्व आक्रमणे सारखीच, असा निष्कर्ष निघत नाही. श्रेष्ठत्व संघाला एकट्याला न देता संघ आणि त्याचा प्रतिबंधक या जोडीला द्यायचे ठरवले, तर समान नियमांखाली आणि तुल्यबळ विरोधकांपुढे तुलना करता येते. त्या कसोटीवर रॅम्सचे 70 गुण हलके होतात. नरवालचा हंगाम मात्र तेवढा हलका होत नाही: त्या वर्षी लीगमध्ये चार नवे संघ आले होते हे खरे, परंतु त्यांपैकी गुजरातने अंतिम सामना गाठला, आणि तेथे पाटण्याने त्याला 55-38 असे हरवले. अंतिम पराभवाने आधीचे कर्तृत्व पुसले जाते का, हा उपप्रश्न त्या मानाने सोपा आहे. वर उल्लेखलेले रॅम्स, व्हायकिंग्ज, डॉल्फिन्स, पेट्रियट्स आणि ब्राँकोज यांपैकी एकालाही त्या वर्षीचे विजेतेपद मिळाले नाही, अनुप कुमारचा यू मुंबाही 2014 साली अंतिम सामन्यात हरला. परंतु वामनाने पाताळात धाडलेल्या बळीचे राज्य परत यावे अशी इच्छा बलिप्रतिपदेला आजही व्यक्त करणाऱ्या समाजाला जय आणि थोरवी यांतला भेद नव्याने शिकवण्याची गरज नसावी.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्याच्या निर्णयासाठी प्रमाणांच्या आधारे होणारा वाद, जिंकण्यासाठी छलाचाही आधार घेणारा जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ समोरच्याचा पक्ष पाडणारी वितंडा. खेळांविषयीच्या चर्चा बहुतेक जल्पाच्या असतात, आणि त्यात फार मोठे पाप नाही. त्यांना वादाच्या पातळीवर आणायचे झाले तर मात्र प्रमाणांची अडचण उभी राहते. प्रो कबड्डीच्या प्रत्येक चढाईची नोंद आणि चित्रण उपलब्ध आहे, तर कोकणातल्या गावोगावच्या मातीच्या मैदानांवर गमिनीत सबंध बाजू बाद करणाऱ्या गड्यांविषयी बहुतांशी शब्दप्रमाणच, म्हणजे विश्वसनीय माणसाचे सांगणे, उरले आहे. नैयायिक शब्दप्रमाण स्वीकारतात, परंतु सांगणाऱ्याने आप्ताच्या अटी पुऱ्या केल्या तर: वस्तू त्याने नीट जाणलेली असावी आणि ती जशी आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. जुन्या सामन्यांचे प्रेक्षक पहिली अट सहज पुरी करतात. दुसरीच्या बाबतीत, विशेषतः चढाईपटू त्यांच्याच वाडीतला असेल तर, उलटतपासणी करणे भाग पडते.