न्यायासनासमोर आपण एकट्यानेच बोलावे काय?

कर्जत अथवा खालापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या बंधूवर फौजदारी खटला उभा राहिला, तर मंडळीपुढे एक प्रश्न सहज येतो. अधिकाऱ्यांपुढे काय बोलावे ह्याची चिंता करू नये, असे प्रभूने शिष्यांस सांगितले. मग विश्वासणाऱ्याने वकील करणे हा अविश्वास नव्हे काय?

आरोपीस आपली बाजू स्वतः मांडण्याची मोकळीक आपल्या देशाचा कायदा देतो. सन १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांनी राजद्रोहाच्या खटल्यात आपला बचाव स्वतःच केला. त्यांचे भाषण अनेक दिवस मिळून २१ तासांहून अधिक चालले. तरी नऊ ज्यूरींपैकी सातांनी त्यांस दोषी ठरविले व सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. परंतु टिळक कायद्याचे पदवीधर होते. खटला त्यांच्याच मराठी लेखांवर होता, आणि त्या लेखांचे भाषांतर कोठे चुकले हे त्यांच्याइतके कोण सांगणार? त्यांनी जाणूनबुजून तो मार्ग निवडला.

ज्या कातकरी वा ठाकर बंधूस दोषारोपपत्र वाचताही येत नाही, तो पिंजऱ्यात एकटा उभा राहिला तर त्याने हक्क बजावला असे म्हणता येईल काय? नाही, त्यास एकटे टाकण्यात आले, एवढेच म्हणता येईल. मुंबईवरील हल्ल्यातील कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सन २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला. आरोपीने सर्व समजून, स्वखुशीने व स्पष्ट शब्दांत वकील नाकारला नसेल, तर खटल्याच्या आरंभीच त्यास वकील देणे बंधनकारक आहे, असे न्यायालयाने ठरविले.

आता शास्त्राकडे पाहू. कैसरियात पौलाविरुद्ध तिर्तुल्ल नावाचा वकील बोलला व पौलाने स्वतः उत्तर दिले. परंतु त्याच पौलाने फटक्यांपूर्वी आपले रोमी नागरिकत्व सांगितले, आणि फेस्तापुढे कैसराजवळ दाद मागितली. त्याने कायद्याचे साहाय्य तुच्छ मानले नाही. रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करणारा आपला शेतकरी राब भाजल्यावाचून राहतो काय? प्रभूचे वचन निराधारास धीर देण्यासाठी आहे. मिळणारा आधार झिडकारण्यासाठी नव्हे.

तथापि एक गोष्ट वकिलावर सोपविता येत नाही, ती म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी. वकील असला तरी पुराव्याविषयी न्यायाधीश आरोपीस प्रत्यक्ष विचारतात. तेथे मौन धरण्याचा त्यास अधिकार आहे. प्रभूही आरोप करणाऱ्यांपुढे मौन राहिला. परंतु बोलावयाचे तर खरेच बोलावे. कोणी पढविलेले असत्य सांगू नये. तसेच मजुरीचे दिवस बुडतात म्हणून न केलेला गुन्हाही कबूल करू नये.

उपदेशक बंधूंनो, अशा वेळी केवळ प्रार्थना करून घरी परतू नका. सन १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातींचे लोक, स्त्रिया, तसेच कोठडीत असलेले ह्यांस विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. हे त्या बंधूस त्याच्या भाषेत समजावून सांगा. इतके जाणूनही तो, “मी स्वतःच बोलेन,” असे म्हणाला, तर त्याचा मान राखा व खटल्याच्या दिवशी न्यायालयात त्याच्या मागे बसा. जाणून घेतलेला निर्णयच मोकळ्या मनुष्याचा निर्णय होय. आणि आपला बंधू अजाणतेपणी एकटा उभा राहिला, तर त्याचा जाब आपणांस द्यावा लागेल.