अभय आणि मागीलदारची धामण



काल पंधरावा अध्याय संपला. आज सोळावा. पहिल्या तीन श्लोकांत भगवंत दैवी संपत्तीचे २६ गुण भराभर सांगून टाकतात, आणि त्यात पहिला नंबर लागतो अभयाचा. सत्य, अहिंसा, दया, सगळे मागून येतात. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी गीता प्रवचने दिली, त्यात त्यांनी या गुणांकडे फौज म्हणून पाहिलं आहे. अभय आघाडीला, नम्रता पिछाडीला. मी ठरवलं होतं की आज पूर्ण फौजेवरून एक धावती नजर टाकायची. पण पहिल्याच शब्दावर अडकलो, कारण अभय म्हटलं की मला हल्ली आमच्या गावच्या घरामागची धामण आठवते. म्हणून आज एकच शब्द.

गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे. आई-बाबा तिथे असतात, आम्ही तिघं पुण्यात. घराच्या मागीलदारी जांभ्या दगडाचा जुना गडगा आहे, मधेमधे ढासळलेला. दोन वर्षांपूर्वी गणपतीला चार दिवस आधी आम्ही पोचलो. लेक तेव्हा चार वर्षांची. सकाळी ती मागच्या पायरीवर बसून बिस्किट खात होती आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, ते बघ, केवढी लांब दोरी चालतेय."

दोरी आणि साप हा वेदान्तातला पेटंट दृष्टान्त तुम्हाला माहीतच आहे. अंधारात दोरी सापासारखी दिसते, दिवा आणला की साप नाहीसा होतो. आमच्या घरात तो बरोब्बर उलटा घडला. पोरीला दोरी दिसली, आणि मला लख्ख उजेडात साप. तपकिरी, माझ्या उंचीपेक्षा लांब, गडग्याच्या भोकात सावकाश शिरत असलेला.

मी तिला उचलून आत आणलं, दार लावलं, कडी घातली. हात थरथरत होते. बाबा आतून म्हणाले, "काय झालं? धामण होय? असते हो ती तिथे. मे महिन्यापासून आहे."

मे महिन्यापासून! आणि आम्हाला फोनवर एक शब्द नाही.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात जे झालं ते लिहायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय या श्लोकावर बोलणं म्हणजे नुसती बडबड होईल. बायको म्हणाली, साप जाईपर्यंत मी पोरीला खाली उतरू देणार नाही, आणि नाही गेला तर आम्ही दोघी उद्या पुण्याला. तिचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कोकणात तर प्रत्येक वाडीत कुणाला ना कुणाला 'पान लागलेलं' असतं. चार वर्षांच्या मुलीच्या आईने घाबरू नये तर काय करावं? शेजारचे अण्णा काठी घेऊन आलेच होते. "दोन मिनिटांचं काम आहे," म्हणाले. बाबांनी त्यांना चहा देऊन परत पाठवलं.

मी मधला मार्ग म्हणून सर्पमित्राला बोलवायचं म्हटलं. पकडेल आणि लांब सोडेल, कुणाचा जीव जायला नको. बाबा त्यालाही तयार नव्हते. तेव्हा मी माझं भागवताचं ज्ञान बाहेर काढलं. म्हटलं, "कृष्णानंसुद्धा कालियाला यमुनेतून घालवलंच ना?"

बाबा म्हणाले, "कालियानं पाणी नासवलं होतं. हिनं काय नासवलंय?"

मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचत नाही तेव्हा माणूस जे करतो तेच मी केलं. आवाज चढवून म्हणालो, "तुम्हाला नातीपेक्षा साप जास्त झाला का?" बाबा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या घरात माटवी बांधली जात होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

रात्री झोप लागेना. मोबाइलवर दशम स्कंध उघडला, खरं तर बाबांना हरवायलाच. कालियाची गोष्ट आपल्याला सोळाव्या अध्यायातल्या नाचापर्यंत पाठ असते. मी सतरावा पहिल्यांदाच नीट वाचला. कालिया यमुनेत आला कशाला, हे तिथे सांगितलं आहे. त्याचं घर रमणक द्वीपावर. तिथे गरुडाला बळी द्यायचा असे. कालियाने गर्वाने तो स्वतःच खाल्ला, गरुडाशी लढला, हरला, आणि जीव वाचवायला पळाला. यमुनेचा तो डोह सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुडाला बंद होता. म्हणजे अख्ख्या जगात तेवढ्या एका डोहात कालिया सुरक्षित होता. तिथे तो दडून बसला आणि त्याच्या विषाने पाणी उकळू लागलं, वरून उडणारे पक्षीसुद्धा पडू लागले.

आणि कृष्ण त्याला काय म्हणतो? सोळाव्याच्या शेवटी आहे. तू ज्याच्या भीतीने इथे आलास तो गरुड आता तुला खाणार नाही, कारण तुझ्या डोक्यावर माझी पावलं उमटली आहेत. आता घरी जा. म्हणजे कृष्णाने कालियाला नुसतं हाकललं नाही. आधी त्याची भीती काढली. ती निघाल्यावर त्याला डोहात राहायचं कारणच उरलं नाही.

हे वाचताना माझ्या लक्षात आलं की या गोष्टीत माझी जागा मी चुकीची धरली होती. मी स्वतःला गोकुळातला समजत होतो. पण त्या घरात भिऊन दार लावून बसलेला आणि आसपासचं सगळं नासवणारा प्राणी गडग्यात नव्हता, वरच्या माडीवर मोबाइल घेऊन पडला होता.

आणखी एक आठवलं. मी आठ वर्षांचा असताना याच मागीलदारी "साप! साप!" म्हणून ओरडलो होतो. चारपाच माणसं धावून आली. मारून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, अरे, ही तर धामण. पोट फुगलेलं होतं, आत उंदीर होता. दोनच आठवड्यांनी नागपंचमी आली. आजीने पाटावर गंधाने नाग काढला, दूध-लाह्या ठेवल्या. त्या दिवशी आमच्याकडे चिरणं-कापणं नाही, तवा नाही, जमिनीत खणणं नाही, कारण चुकून एखाद्या जीवाला इजा व्हायला नको. आजी पूजा करता करता कुणाला उद्देशून कोण जाणे पण म्हणाली, "एक दिवस तवा ठेवला नाही म्हणजे झालं!" ते वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. ओरडलो मी होतो, हे मात्र कळलं होतं.

ऑफिसात मी ज्युनियर मुलांना रोज सांगतो की प्रॉडक्शनमध्ये काही विचित्र दिसलं तर आधी लॉग वाचा, मग हात लावा. घरी मी काय केलं? लॉग न वाचता डिलीट.

तर दुसऱ्या दिवशी सर्पमित्राला बोलावलं, पण घेऊन जायला नाही, बघायला. गुहागरकडचाच तरुण मुलगा. बाबा यालाही नाराज होते, पण "बघू दे तर," इतपत आले. बायकोने त्याला वकिलासारखे प्रश्न विचारले, बरंच झालं. तिच्यामुळे आम्हाला सगळं कळलं. धामण पूर्ण बिनविषारी. डिवचली तर चावते, जखम धुवावी लागते, पण विष नाही. डोळे मोठे नि गोल, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, शेपटीकडे काळसर पट्टे, आणि फणा नाही. घाबरली की मान फुगवून गुरगुरल्यासारखा आवाज करते, म्हणून लोक नाग समजून मारतात. नाग हा नर आणि धामण त्याची मादी हे खोटं, दोन वेगळ्या जाती. गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते हेही खोटं, सापाच्या तोंडाची रचनाच ओढून प्यायची नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, म्हणजे अण्णांचं दोन मिनिटांचं काम गुन्हा ठरलं असतं.

मग तो म्हणाला, "ताई, नेऊ म्हणाल तर नेईन. पण ती इथे उंदरांसाठी आहे. उंदीर तुमच्याकडेच राहणार. मग तिच्या जागी दुसरं कोणीतरी येणार. ते धामणच असेल असं नाही."

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, ही चार नावं त्याने बोटांवर मोजली. बायको गप्प झाली. मग आईने आठवण काढली की यंदा भाताच्या पोत्यांना उंदीर लागला नाही. मागच्या वर्षी तर त्यांनी राउटरची वायरसुद्धा कुरतडली होती. पावसाळ्यात लेप्टोची भीती असते ती वेगळीच.

त्या दुपारी आम्ही काम काढलं. भिंतीला टेकवलेली लाकडं गडग्यापलीकडे नेली. न्हाणीघराच्या मोरीला जाळी बसवली, स्वयंपाकघराच्या दाराखालची फट पट्टी मारून बंद केली. मागच्या पायरीवर दिवा लावला. नियम ठरले: अंधारात टॉर्चशिवाय बाहेर नाही, चप्पल झटकूनच पायात, गडग्याच्या भोकात हात कुणीच घालायचा नाही, जमिनीवर झोपायचं नाही. आणि कधी कुणाला काहीही चावलं तर मांत्रिक नाही, थेट सरकारी दवाखाना, जिथे प्रतिविष असतं. बाबा लाकडं वाहताना माझ्याशी बोलले. "हळू, कंबर धरेल," एवढंच. पण बोलले.

आता श्लोकाकडे. अभय म्हणजे न घाबरणं असा अर्थ आपण पटकन करतो, आणि मग वाटतं, हा गुण आपल्याला जमणार नाही, आपली तर छाती धडधडते. माझी आजही धडधडते. मागच्या दिवाळीत ती अचानक पायरीजवळून गेली तेव्हा माझ्या हातातला कप पडला. पण आपल्या परंपरेत अभय ही द्यायची वस्तू आहे. संन्यास घेणारा सगळ्या प्राणिमात्रांना अभय देतो, म्हणजे माझ्यापासून तुम्हाला भीती नाही असं सांगतो. बाराव्या अध्यायात भगवंतांनी आवडत्या भक्ताचं लक्षण सांगताना हे दोन्ही एकत्रच ठेवलं आहे: लोक ज्याला त्रासत नाहीत आणि जो लोकांना त्रासत नाही. दोन टोकं एकाच दोरीची. आपण नेहमी एकच टोक ओढतो, मला भीती वाटू नये. माझी कुणाला वाटते, हे बघायचं राहून जातं. सापाला बाहेरचे कान नसतात, तो जमिनीतून येणारा हादरा ओळखतो. आठ वर्षांचा असताना मी ओरडलो ते त्या धामणीला कदाचित ऐकूही गेलं नसेल. धावत आलेली पावलं मात्र नक्की कळली असतील.

आणि नात्यांतही तेच, म्हणून हे लिहितोय. "नातीपेक्षा साप जास्त झाला का?" हे वाक्य मी भीतीतून बोललो होतो, पण बाबांच्या ताटापर्यंत ते विष होऊन पोचलं. तुम्हीही आठवून बघा, घरात आपण सगळ्यात वाईट कधी बोललो. रागात बोललो असं आपण म्हणतो. जरा उकरलं की खाली बहुतेक वेळा भीतीच निघते. नोकरीची, पैशाची, पोरांची, आईवडील म्हातारे होत चालल्याची. मला वाटतं अभय पहिल्या नंबरावर आहे ते यासाठी. भ्यालेल्या माणसाकडून पुढचे पंचवीस गुण होत नाहीत. सत्य बोलवत नाही, क्षमा करवत नाही, दया तर लांबच.

चतुर्थीला गणपती बसले. आरतीच्या वेळी मी मूर्तीकडे नीट बघितलं. एक हात अभयाचा, आणि पोटाला पट्ट्यासारखा नाग बांधलेला. इतकी वर्षं दोन्ही बघत होतो, एकत्र कधी बघितले नव्हते. आरती झाल्यावर बाबांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या हातावर प्रसादाचा मोदक ठेवला आणि म्हणाले, "मी पण मे महिन्यातच सांगायला हवं होतं." बायकोने ते ऐकलं, आणि मला वाटतं तिचा खरा राग तिथे उतरला. तिला सापापेक्षा ते लपवणं जास्त लागलं होतं.

लेकीला आता मागच्या पायरीवर बसायची परवानगी आहे, कुणीतरी मोठं माणूस बरोबर असेल तर.

परवा बाबांचा फोन आला. गडग्यावर अख्खी कात मिळाली म्हणे, टेपने मोजली, सात फूट दोन इंच. मी म्हटलं, कात निघताना ताणली जाते, खरी धामण तेवढी नसणार. त्यांना ते काही आवडलं नाही. तेवढ्यात बायको स्पीकरवर आली आणि म्हणाली, "बाबा, कात आहे तिथेच राहू दे हां. आम्ही शनिवारी येतोय, हिला बघायचीय."

उद्या याच श्लोकातला पुढचा शब्द, सत्त्वसंशुद्धी.

राम कृष्ण हरी.