संपाच्या फोटोखालचं नाव

बुलडाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडची जुनी मशीद खुदावंदखान महदवीनं 1582 मध्ये बांधली, हे इतिहासात नोंदलेलं आहे. 1437 मध्ये याच गावाजवळ बहामनी सरदार खलफ हसननं खानदेशच्या नासिरखानाचा पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीचा तंटाही इथल्याच लढाईनं मिटला. हरलेल्यांचीसुद्धा नावं राहिली. दगड घडवणारे पाथरवट मात्र नावानिशी कुठं सापडत नाहीत. ही तक्रार जुनीच, पण फोटोनं ती मिटवायला हवी होती. कॅमेऱ्याला सरदार आणि पाथरवट सारखेच दिसतात. तरी एकाच्या चेहऱ्याखाली नाव येतं, दुसऱ्याच्या चेहऱ्याखाली ‘कामगार’ एवढंच. असं का होतं, याचं उत्तर मला वाटायचं तेवढं सोपं नाही.

आमच्या बुलडाण्याचा संपाच्या फोटोंशी संबंध कापसातून येतो. 1870 मध्ये खामगावला आगगाडी आली ती मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडातल्या जिनिंगमध्ये सरकी निघायची, प्रेसमध्ये गाठी बांधल्या जायच्या आणि माल मुंबईकडे रवाना व्हायचा. तिथं गिरणगावात त्याचं सूत आणि कापड करणाऱ्यांनी 1928 मध्ये सहा महिने गिरण्या बंद ठेवल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार त्या संपात होते. कारण होतं मालकांची ‘कार्यक्षमता’: दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, आणि त्यातून जे माणूस उरेल त्यानं घरी बसावं. त्याच वर्षी मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मुंबईच्या कामगार-शेतकरी पक्षानं आदल्या वर्षी काढलेलं ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक संपकऱ्यांचं पत्र बनलं. नेमकं बोलायचं तर ते संपकऱ्यांनी स्थापलेलं नव्हतं. संपानं ते आपलंसं केलं.

अशा पत्राचं आयुष्य थोडंच असायचं. 20 मार्च 1929 ला देशभर कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि मीरत कटाचा खटला उभा राहिला. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे, अधिकारी असे मुंबईचे बहुतेक पुढारी तुरुंगात गेले. आता ‘क्रांती’त संपाबद्दल काय छापून आलं हे शोधायचं, तर हाताशी काय येतं? खटल्याचे कागद. सरकारी पक्षानं अंक जप्त केले, लेखांचे इंग्रजी तर्जुमे करवले, त्यांना पुराव्याचे नंबर दिले. गिरणगावातल्या सभांत मराठीत झालेली भाषणं पोलिसांच्या लघुलेखकांनी टिपून घेतली. ज्यांना तो आवाज बंद करायचा होता, त्यांनीच तो सगळ्यांत काळजीपूर्वक जपून ठेवला. संग्रह म्हटलं की आपल्याला प्रेमानं राखलेली पेटी आठवते. कामगारांच्या बाबतीत ही पेटी पुष्कळदा फिर्यादीची असते.

फोटोंचं काय? छापखान्यात फोटो छापायचा तर आधी त्याचा ब्लॉक करून घ्यावा लागे आणि त्याला पैसे पडत. उपाशी संपकऱ्यांच्या पत्राला ते कुठून परवडणार? मीरत प्रकरणातला सगळ्यांत प्रसिद्ध फोटो वर्तमानपत्रासाठी काढलेला नव्हताच. तुरुंगाबाहेर पंचवीस आरोपी तीन ओळींत उभे-बसलेले आहेत. पुढच्या ओळीत निंबकर, मिरजकर, डांगे, घाटे. मागं ब्रॅडली आणि स्प्रॅट हे इंग्रज. मधल्या ओळीत जोगळेकर, मुजफ्फर अहमद, पी. सी. जोशी. प्रत्येकाचं नाव ओळीनं लिहिलेलं. ती नावं मी वाचत गेलो आणि शेवटी दोन नावांपाशी अडलो, कारण ती तिथं नव्हती. अर्जुन आळवे आणि कासले. आळवे गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष. दोघंही खरोखरचे गिरणीतले कामगार, दोघंही या खटल्यातले आरोपी, आणि जानेवारी 1933 च्या निकालात दोघांनाही शिक्षा झाली. ज्यांच्या संपावरून एवढं रामायण घडलं त्यांच्यातलेच हे दोघे त्या फोटोत नाहीत. त्यामागं कट शोधायचं कारण नाही. आरोपी पंचवीसांहून जास्त होते आणि आणखीही काही जण फोटोबाहेर राहिले. पण पुस्तकापुस्तकांतून हाच फोटो छापला गेला की ‘मीरतचे आरोपी’ म्हणजे हेच पंचवीस, अशी समजूत वाचणाऱ्याच्या मनात पक्की होते.

इथवर माझं म्हणणं सरळ होतं: नावं शोधा, फोटोखाली लिहा. अमेरिकेतल्या डेट्रॉइटची गोष्ट वाचली आणि त्या म्हणण्यात खोट दिसू लागली. 13 जुलै 1995 ला तिथल्या ‘न्यूज’ आणि ‘फ्री प्रेस’ या दोन वर्तमानपत्रांतल्या सहा युनियनांचे सुमारे अडीच हजार लोक संपावर गेले. त्यात बातमीदार, छपाईवाले, ट्रकचालक होते आणि फोटोग्राफरही होते. मालकांनी बदली माणसं लावून पेपर चालू ठेवले. मग संपकऱ्यांनी नोव्हेंबरमध्ये स्वतःचं साप्ताहिक काढलं, ‘डेट्रॉइट संडे जर्नल’. ते चार वर्षं चाललं आणि नोव्हेंबर 1999 मध्ये बंद पडलं. अशा पत्राच्या फोटोंची तऱ्हा वेगळी असते. संपाचे फोटो काढणारा स्वतःच संपावर असतो. काल ज्या शहराचे फोटो तो मालकासाठी काढत होता, त्याच शहरात आज तो फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आपल्याच सोबत्यांचे फोटो काढतो. फिल्मच्या एका रोलवर छत्तीस फ्रेम. अंकात छापून येते त्यातली एखादी. उरलेल्या पस्तीसांत डबा उघडून जेवणारे, कंटाळलेले, हातातली पाटी खाली टेकवून सिगारेट ओढणारे लोक असतात. संप म्हणजे बहुतांशी हेच असतं: वाट पाहणं. छापलेल्या फोटोत मात्र नेहमी घोषणाच दिसते.

पण फाटकाच्या आतल्या बाजूलाही कॅमेरे होते. संपात तुम्ही काय केलं, कुणाची वाट अडवली, हे दाखवून माणसाची नोकरी कायमची घालवता येते, आणि डेट्रॉइटमध्ये संपातल्या वागणुकीवरून पुष्कळांना काढून टाकण्यात आलं. एकच चेहरा बाहेरच्या कॅमेऱ्यात सोबती असतो, आतल्या कॅमेऱ्यात आरोपी. मग संपाच्या पत्रात फोटोखाली नाव नसणं ही नेहमीच उपेक्षा म्हणायची का? कधी ती राखण असते. संपादकाला नाव माहीत असतं, म्हणूनच तो ते छापत नाही. पन्नास वर्षांनी संग्रह लावणाऱ्याला दोन्हीतला फरक कळत नाही, कारण कागदावर दोन्ही सारख्याच कोऱ्या दिसतात.

म्हणून मला वाटतं, अशा फोटोंना नाव देण्याची एक वेळ असते. धोका टळलेला असावा आणि ओळखणारे जिवंत असावेत. मुंबईत ती वेळ आत्ता चालू आहे आणि संपत आली आहे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी संप सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा झालीच नाही. तेव्हा पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीच्या घरात आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांची तोंडी कथनं गोळा करून 2004 मध्ये पुस्तक केलं, ते काम आवाजापुरतं झालं. फोटो त्याच माणसांपुढं ठेवून ‘हा कोण, कुठल्या खात्यातला, गाव कोणतं’ असं विचारत बसण्याचं काम अजून पुष्कळ उरलं आहे. आणि नाव सांगणाऱ्याला ‘छापू का?’ हेही विचारायला हवं, कारण संप फोडून आत गेलेलेही त्याच चाळीत राहत होते आणि त्यांची नातवंडं आजही तिथंच आहेत.

गिरणीतल्या या माणसांना फोटोची किंमत नाही असं नव्हे, त्यांची गरज वेगळी आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची सोडत निघते. तिच्यात बसायचं तर 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो हे दाखवावं लागतं: तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, फंडाचा क्रमांक. माणसं वारसांसह पत्र्याच्या पेट्या उपसून हेच शोधत असतात. तिथं संपाचा फोटो पुढं केला तर त्यातून सिद्ध होणार ते एवढंच, की त्या दिवशी हा माणूस कामावर नव्हता.