सही घेण्यापूर्वी वाचून दाखवा

‘निम्मी रक्कम भरा आणि कर्जमुक्त व्हा’ असे वित्तसंस्थांचे फलक या आठवड्यात आपण सर्वांनीच वाचले आहेत. त्यांची पुनरुक्ती करीत नाही. मला संताप आला तो त्यांच्या समर्थनार्थ झालेल्या खुलाशाचा. निम्म्या रकमेच्या अशा तडजोडीचे परिणाम ऋणकोला सांगितले होते काय, या साध्या प्रश्नावर उत्तर मिळाले ते असे की, पत्रात सारे लिहिलेले होते.

परिणाम काय, हे आधी स्पष्ट असावे. कर्ज पूर्ण फेडले तर पतनोंदीत खाते ‘बंद’ म्हणून दिसते, जरी मधल्या काळात चुकलेले हप्ते महिन्यागणिक तेथे राहिले तरी. हप्ते कमी करून मुदत वाढवून घेतली तर खाते पुनर्रचित म्हणून नोंदले जाऊ शकते. आणि धनकोने काही रक्कम सोडून उरलेली स्वीकारली तर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. देण्याचा तगादा त्या दिवशी थांबतो. माहिती मात्र पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरी किमान 7 वर्षे जतन होते, आणि पुढे घरासाठी वा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागू गेलेल्या माणसाचा अर्ज 300 ते 900 यांमधील त्याच्या गुणांकाबरोबर हा शेराही पाहून बाजूला ठेवला जाऊ शकतो. शेऱ्याविषयी माझी तक्रार नाही. ज्याने आपले पैसे सोडले त्याला खरी हकीकत नोंदविण्याचा अधिकार आहे. ती नोंद होणार हे ठाऊक असताना सही घेईपर्यंत मौन पाळणे, याला मात्र मी फसवणूकच म्हणतो.

पत्रात लिहिले होते! कोणत्या पत्रात? वसुलीचा प्रतिनिधी दूरध्वनीवर बोलतो तेव्हा अस्खलित मराठी बोलतो. घरच्या अब्रूची आठवण देतो, मुलीच्या लग्नाची काळजी वाहतो, आणि उद्या सायंकाळपर्यंत रक्कम जमा झाली तरच ही सवलत, असे निक्षून बजावतो. परंतु अटी सांगण्याचा प्रसंग येताच त्याची मराठी एकाएकी आटते, आणि मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत छापलेला इंग्रजी कागद पुढे येतो, ज्याच्या कुठल्याशा कलमात पतनोंदीचा उल्लेख दडलेला असतो. तगादा मराठीत आणि परिणाम इंग्रजीत, ही कोणत्या न्यायाची वाटणी? आणि त्या कागदाच्या तळाशी काय, तर ‘हे पत्र संगणकनिर्मित असल्याने स्वाक्षरीची आवश्यकता नाही’. ज्या पत्राखाली स्वतःचे नाव घालण्यास कोणी धजत नाही, त्याच पत्राचा आधार घेऊन ‘आम्ही सांगितले होते’ असे म्हणता येत नाही. बँकेतर वित्तसंस्थांसाठी असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या व्यवहारसंहितेत ऋणकोशी पत्रव्यवहार त्याच्या प्रादेशिक अथवा त्याला समजणाऱ्या भाषेत असावा असे नमूद आहे. म्हणजे ही सबब नियमापुढेही टिकत नाही. नोंद यंत्र करते, ऋणकोने स्वतः चौकशी करावी, या खुलाशातील उरलेल्या सबबींवर शाई खर्च करण्याचे कारण नाही.

ही तक्रार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यामागे व्याजाइतकाच न वाचता अंगठा दिलेल्या कागदांचाही जाच होता. दख्खनच्या त्या दंग्यांनंतर 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याने न्यायालयाला देणे हप्तेबंदीने फेडून घेण्याची मुभा दिली, आणि शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज गावच्या नोंदणी अंमलदारापुढे व्हावा, त्याने तो मोठ्याने वाचून दाखवावा व करून देणाऱ्याला उमगल्याची खात्री करून घ्यावी, असे ठरविले. परक्या सरकारलाही जे आवश्यक वाटले, ते आपल्या वित्तसंस्थांना दीडशे वर्षांनी जड जावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

ऋणकोने आपल्या बाजूने इतके करावे: खात्याची नोंद कोणत्या शब्दांत होणार, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागावे, मुदत वाढवून का होईना, पूर्ण फेड शक्य असेल तर ती वाट आधी विचारावी, तडजोड झालीच असेल, तर पुढे ऐपत आल्यावर सोडलेली रक्कम भरून नोंद ‘बंद’ करून मिळेल काय, हे संस्थेला विचारावे आणि बेबाकीचा दाखला सहीशिक्क्यानिशी घ्यावा. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील चुकीची तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर दररोज 100 रुपये भरपाईचा हक्क आहे.

एवढे सांगूनही, ज्याच्या घरी आजारपणाने सारी शिल्लक संपविली आहे तो निम्म्यावर सुटका करून घेईल, आणि त्याने ती घ्यावीही. शेऱ्याच्या भयाने उपाशी राहण्याचा उपदेश मी कोणाला करणार नाही. माझी मागणी समोरच्या खुर्चीतील माणसाकडे आहे. तगाद्यासाठी तुम्हाला उत्तम मराठी येते हे आम्ही ऐकले आहे; त्याच भाषेत परिणामांचे एक वाक्य लिहा, त्याखाली आपले नाव घाला, आणि मगच समोरच्याची सही मागा.