सुई, परवाना आणि शोमरोनी



यरीहोच्या वाटेवर लुटारूंच्या तावडीत सापडलेल्या माणसाचा दाखला (लूक १०) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतण्यापूर्वी शोमरोनी माणसाने त्याला, "या धोक्याच्या वाटेने एकटा निघालासच कशाला?" असे विचारले नाही. पण ज्याने स्वतःलाच लुटले, त्याचे काय? नशेची सुई आपल्याच हाताने टोचून घेणाऱ्याच्या जखमेवर आपण तेल ओतणार की नाही?

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील स्कॉट काउंटी हा लहानसा ग्रामीण भाग. २०१५ साली तेथे वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेणाऱ्यांमध्ये एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरली. पाहता पाहता दोनशेहून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाली. वापरलेल्या सुया घेऊन स्वच्छ सुया देणारी केंद्रे चालविण्यास त्या राज्यात तेव्हा मनाई होती. गव्हर्नर माइक पेन्स यांचाही त्याला विरोध होता. तरीही २६ मार्च २०१५ रोजी आणीबाणी जाहीर करून त्यांनी तात्पुरती परवानगी दिली. त्याच वर्षी त्यासाठी कायदाही झाला.

अशा केंद्रात जुनी सुई जमा होते, नवी मिळते. त्याबरोबर रक्ततपासणीची सोय आणि उपचाराची वाटही दाखविली जाते. पण आपल्या मनात प्रश्न उठतोच : सरकारने परवाना दिला म्हणजे पापाला मान्यता दिली का?

संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले आहे की, मानवी कायदा प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू शकत नाही. समाजाचे जतन करणे हे त्याचे काम. म्हणजे परवाना हे प्रशस्तिपत्रक नव्हे. काम कोणी करायचे, कोठे करायचे, कोणत्या अटींवर करायचे, हे तो ठरवितो. सुई देणारा सेवक तुरुंगात जाऊ नये, एवढे संरक्षणही तो देतो.

दुसऱ्याच्या पापात आपला हात किती, याचा विचार संत अल्फॉन्सस लिगोरी यांनी केला. पाप करणाऱ्याच्या हेतूत सामील होणे वेगळे. आणि तो हेतू नाकारून, मोठी हानी टाळण्यासाठी केलेल्या कामाचा त्याने गैरवापर करणे वेगळे. याच कसोटीवर ख्रिस्तसभेतही दोन उत्तरे मिळाली. सिडनीत देखरेखीखाली नशा टोचून घेण्याचे केंद्र चालविण्याची तयारी सिस्टर्स ऑफ चॅरिटी या धर्मभगिनींनी दर्शविली होती. १९९९ साली व्हॅटिकनच्या आदेशावरून त्यांनी माघार घेतली. न्यूयॉर्क राज्यात मात्र ऑल्बनी धर्मप्रांताच्या कॅथलिक चॅरिटीजने २०१० साली राज्याच्या आरोग्य खात्याच्या मंजुरीने सुया बदलून देण्याचे काम सुरू केले. तेथे कमी अनिष्ट स्वीकारून जीव वाचवावा, असा विचार झाला. अनेक भाविकांना तो पटला नाही. त्यांची शंका आपण हसण्यावारी नेऊ नये.

कारण शंका खरी आहे : आपण दिलेल्या सुईनेच त्याला मरण आले तर? स्कॉट काउंटीच्या आयुक्तांनी २०२१ साली आपले केंद्र बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा हीच भीती बोलून दाखविली गेली. दुसऱ्या बाजूला, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या आढाव्यात स्वच्छ सुयांमुळे एचआयव्हीचा प्रसार घटतो असे आढळले. त्यामुळे नशा वाढते याचा ठोस पुरावा मिळाला नाही.

बंधुभगिनींनो, आम्हांला एवढे दिसते की, पश्चात्ताप करायला माणूस जिवंत असावा लागतो. उधळ्या पुत्राचा बाप वाटेकडे डोळे लावून बसला होता. पण मुलगा दूरदेशीच मेला असता तर तो कोणाला मिठी मारणार होता? स्वच्छ सुई त्याला घरी आणत नाही. घरी येण्याइतका अवधी मात्र ती देऊ शकते.

त्या अवधीचे सोने करणे सरकारच्या हाती नाही. शोमरोनी माणूस मलमपट्टी करून निघून गेला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, पदरचे पैसे दिले, "परत येईन" म्हणाला. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेले कृपा फाउंडेशन ही अशीच एक उतारशाळा. आपल्या धर्मग्रामात एखाद्या घरी व्यसनाचे दुःख असेल, तर त्या घराचे दार आपण टाळतो की ठोठावतो? तेथे जायला कोणताही परवाना लागत नाही. या आठवड्यात अशा एका घरी जाऊ या, आणि उपदेश करण्याआधी त्यांचे ऐकून घेऊ या.

दयाळू प्रभू आपल्याला वाट वाकडी करून थांबण्याचे बळ देवो. आमेन.