झाकलेले पत्ते, उघडे पत्ते

जुगार इस्लामने हराम ठरविला आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. संसदेनेही 2025 मध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तरीही पत्त्यांच्या डावातील एका चालीचा विचार करावा, असे आम्हांस वाटते. ती चाल म्हणजे ब्लफ, हाती काही नसताना खूप काही असल्याचा आव.

तीन पत्ती असो वा पोकर, चांगली पाने आली तरच पैसे लावणारा खेळाडू फारसे जिंकत नाही. त्याने पैसे लावताच इतर जण पाने टाकून मोकळे होतात. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी 1944 च्या आपल्या ग्रंथात ब्लफचा दुहेरी हेतू सांगितला: दुबळे असताना बळकट भासावे आणि बळकट असताना दुबळे. समजा, पोकरच्या शेवटच्या फेरीत मध्ये 100 रुपये आहेत आणि एकाने आणखी 100 लावले. अशा तीन चालींत दोन खऱ्या व एक खोटी असेल, तर समोरचा पेचात पडतो; पाने पाहिली काय नि सोडली काय, त्याला सारखेच. खोट्याचे प्रमाण याहून वाढले, की तो बेधडक पाने पाहायला मागतो. म्हणजे ब्लफ जगतो तो खऱ्या चालींच्या पतीवर.

मग ही लबाडी म्हणायची का? डावात बसलेल्या प्रत्येकाला ब्लफ होणार हे ठाऊक असते. तिथे कुणाचा विश्वास मोडत नाही. प्रश्न आहे तो डावाबाहेरचा. "उद्या तुझे नाव काढून टाकतो" असे दरडावणारा शिक्षक ब्लफच मारत असतो. पण मूल खेळायला बसलेले नसते. ते शिक्षकाच्या शब्दावर विसंबून असते.

आमच्या सिंदी मेघेहून सेवाग्राम दूर नाही. तिथे पुढे राहायला आलेल्या गांधीजींनी 2 मार्च 1930 रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून सत्याग्रहाचा बेत आधीच कळविला होता. 14 जुलै 1942 रोजी वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने, ब्रिटिशांनी सत्ता सोडावी, नाहीतर लढा होईल, असे उघड जाहीर केले. 9 ऑगस्टच्या पहाटे नेते पकडले गेले. उघड्या पत्त्यांची ही किंमत होती. तरीही नेत्यांविना लोक रस्त्यावर उतरले. दिलेला शब्द पोकळ नाही, ही खात्री असल्याशिवाय असे घडत नाही.

फसवणूक ओळखता यावी, म्हणून मुलांना ब्लफचे गणित जरूर समजावून सांगावे. मात्र ते वापरण्यापूर्वी प्रत्येकाने एवढे विचारावे: समोरचा माणूस खरोखर खेळायला बसला आहे काय?