स्वतःची निगा आणि परमार्थ

स्वतःच्या शरीराची आणि मनाची रोजच्या रोज निगा राखणे हे कर्तव्य आहे की स्वतःचे लाड, हा प्रश्न आज मानसिक आरोग्याच्या चर्चेत नव्याने विचारला जात असला, तरी मराठी धर्मविचारात त्याला एक जुनी आणि अडचणीची बाजू आहे. देहबुद्धी, म्हणजे देहालाच ‘मी’ मानण्याची सवय, सुटल्याखेरीज परमार्थ साधत नाही असे ज्या परंपरेने पिढ्यान्‌पिढ्या शिकवले, तिच्यात वाढलेल्या माणसाने आपल्या झोपेचा, विश्रांतीचा आणि मनाच्या थकव्याचा विचार कोणत्या तोंडाने करावा? जालना जिल्ह्यातील मंठा तालुक्यासारख्या, कापूस, सोयाबीन आणि तुरीवर संसार चालवणाऱ्या भागात हा प्रश्न केवळ ग्रंथातला राहत नाही. कारण संध्याकाळी हरिपाठ म्हणणारे घर आणि कर्जाच्या चिंतेने झोप उडालेले घर येथे पुष्कळदा एकच असते.

याच जिल्ह्यातील जांब या गावी, आजच्या घनसावंगी तालुक्यात, १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि वरील अडचण त्यांच्या दासबोधात जितकी उघडपणे दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल. वीस दशकांच्या या ग्रंथातील पहिल्या दशकाचा शेवटचा समास नरदेहाची स्तुती करतो, तर तिसरे दशक गर्भवासापासून मरणापर्यंतच्या देहदुःखांची यादीच समोर ठेवते. त्याच दशकात तीन तापांचे विवेचन येते आणि त्यांतील आध्यात्मिक ताप, म्हणजे आपल्याच देह, इंद्रिये व प्राण यांतून उद्भवणारे दुःख, सांगताना शरीराचे रोग आणि मनाचा क्लेश एकाच रांगेत बसवले जातात. मनाचे दुखणे हे दुखणेच नव्हे, असे रामदासांनी कोठेही म्हटलेले नाही. स्तुती आणि निंदा यांतील विरोध मिटतो तो अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात, जेथे पहाटे उठण्यापासून पुढचा दिवस कसा घालवावा याची साधी, व्यावहारिक शिकवण दिली आहे. देह हे साध्य नव्हे, पण साधन आहे, आणि साधनाची हेळसांड करणाऱ्याला विरक्त म्हणता येत नाही, हा त्या शिकवणुकीचा अर्थ. मनाच्या श्लोकांतही मनाला शत्रू ठरवून दटावलेले नाही. त्याला सज्जन म्हणून हाक मारली आहे आणि मग दोनशे पाच श्लोकांत त्याची समजूत काढली आहे. अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणूस स्वतःशी जे अविवेकी बोलत असतो ते तपासून बदलण्यावर भर आहे. दोन्हींचे अंतिम हेतू वेगळे असले, एकाचा रोख रामाकडे आणि दुसऱ्याचा सुखी जगण्याकडे असला, तरी मनाशी बोलता येते आणि ते रोज बोलावे लागते, या गृहीतकावर दोघेही उभे आहेत.

आयुर्वेदाने हीच गोष्ट अधिक निःसंकोचपणे सांगितली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात माणसाच्या तीन एषणा, म्हणजे मूलभूत इच्छा, सांगितल्या आहेत: प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा. त्यांत प्राण राखण्याची इच्छा पहिली ठेवली आहे, कारण प्राण गेले की सर्वच गेले. परलोकाचा विचार करणारा ग्रंथसुद्धा त्याला तिसरे स्थान देतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच अध्यायात सत्त्वावजय नावाची चिकित्सा येते. सत्त्व म्हणजे येथे मन, आणि अहितकारक विषयांपासून त्याला आवरणे ही ती चिकित्सा. चरकाच्या मते अनेक रोगांचे मूळ प्रज्ञापराधात असते, म्हणजे हित कशात आहे हे बुद्धीने न ओळखण्यात, ओळखूनही धीर न राखण्यात किंवा ऐनवेळी त्याचे स्मरण न राहण्यात. रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहणाऱ्याला हे वर्णन फारसे परके वाटू नये.

तरीही स्वार्थाची शंका शिल्लक राहते, आणि तिचे सर्वांत नेमके उत्तर बौद्ध परंपरेत सापडते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ही परंपरा मराठवाड्यातील असंख्य घरांची स्वतःची झाली आहे. संयुत्तनिकायातील सेदकसुत्तात डोंबाऱ्याची एक कथा येते. बांबूवरच्या कसरतीच्या वेळी गुरू शिष्याला म्हणतो की तू मला सांभाळ, मी तुला सांभाळीन. शिष्य म्हणतो की तसे नव्हे, प्रत्येकाने आपापला तोल सांभाळला तरच खेळ पार पडेल. बुद्ध शिष्याचे म्हणणे उचलून धरतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत: स्वतःचे रक्षण करणारा इतरांचे रक्षण करतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व अनुकंपा यांनी इतरांचे रक्षण करणारा स्वतःचे रक्षण करतो, असे दोन्ही बाजूंनी ते सांगतात. पहिले अर्धे विधान आजकाल सर्वत्र ऐकू येते. दुसरे अर्धे वगळले की उरते ती सुगंधी मेणबत्त्यांची आणि महागड्या शिबिरांची बाजारपेठ.

येथे मात्र या सर्व परंपरांचे एक न्यून नोंदवणे भाग आहे. फ्रेंच तत्त्वचिंतक मिशेल फुको यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्राचीन ग्रीक-रोमन जगातील ‘स्वतःची काळजी’ या साधनेचा इतिहास मांडला. दिवसाच्या शेवटी केलेली आत्मपरीक्षा, मित्रांना लिहिलेली पत्रे, मिताहार असे तिचे स्वरूप होते. पण ती साधना ज्या फुरसतीवर उभी होती ती गुलामांच्या श्रमातून आलेली होती. मराठी नित्यनेमाचेही तसेच आहे. पहाटेच्या काकड्याला जाणाऱ्याचा चहा आणि परतल्यावरची भाकरी कोणीतरी करत असते; ज्या बाईचा दिवस चूल, पाणी, गुरे यांपासून सुरू होऊन दुसऱ्याच्या रानात कापूस वेचण्यात किंवा खुरपणीत सरतो, तिने ध्यानाला वीस मिनिटे काढावीत हा उपदेश वेळेचा हिशेब न करता दिलेला असतो. म्हणून स्वतःची निगा हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा असा नाही. घरातल्या एकाला निवांतपणा मिळावा म्हणून दुसऱ्याने काम वाटून घेणे हाही त्या निगेचाच भाग आहे, आणि सेदकसुत्ताचे दुसरे अर्धे विधान घरात उतरते ते येथेच. सासूबाईंनी नातवंडाला तासभर सांभाळले आणि सुनेने त्या तासात नुसती झोप घेतली, तर त्यात परमार्थाला बाधा येत नाही.

निगेला मर्यादा आहेत, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. नेम, व्यायाम, जप, ध्यान, गप्पा ही सारी मनाला सावरतात; पण खोल नैराश्य आलेल्या माणसाला नेम पाळण्याचीच शक्ती उरत नाही, आणि अशा वेळी त्याची श्रद्धा कमी पडली असे म्हणणे हे अज्ञान तर आहेच, क्रौर्यही आहे. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोगी हा त्यांपैकी एक आहे, चारही नव्हे. आणि चांगल्या रोग्याच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपले दुखणे सांगता येणे, याची गणना केली आहे. मराठवाड्यातील पुरुषाला हा गुण शिकवला जात नाही; सोसणे आणि गप्प राहणे यालाच येथे धीर समजतात. राज्य शासनाने २०१५ साली मराठवाडा आणि विदर्भातील चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो याच मौनाला वाट करून देण्यासाठी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानस या दूरध्वनीवरून मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.